वाईस उतरलेला गरुड

गेल्या अंकांत आम्हीं घरगुती पिठाच्या चक्कीविषयीं लिहिलें होतें. त्यावर आलेल्या पत्रांचा समाचार पुढील अंकीं घेऊं. ह्या महिन्याचा विषय आम्हांस शोधावा लागला नाहीं. तो आमच्याच माजघरांत, रात्रीच्या पंगतींत, भांडणाच्या रूपानें येऊन उभा राहिला.

झालें असें कीं, आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यांत लागले त्यास आतां तीन वर्षें होत आलीं. एवढ्या दिवसांत शिलकीस टाकलेल्या पैशांतून त्यास एक मोटारसायकल घ्यावयाची आहे. आणि तीही नवी नव्हे, तर २०१४ सालची, एकाची वापरलेली! गाडीचें नांव ‘अक्विला’, अडीचशें घनसेंटिमीटरची. करणारे कोरियांतील ह्योसंग. मागणी एक लाख दहा हजारांची. दादांनीं ताटावरून मान वर न करतां निकाल दिला, “ज्या कंपनीचें दुकान गांवांत उरलें नाहीं तिची गाडी ह्या घरांत यावयाची नाहीं.” चिरंजीव म्हणाले, “बाबा, पैसे माझे आहेत.” हें वाक्य एकत्र कुटुंबांत किती महाग पडतें तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. वहिनी मुकाट्यानें ताक वाढूं लागल्या. शेवटीं आईनें तोडगा काढला, “अरे, हा मासिकांत यंत्रांवर लिहितो ना? मग त्यालाच विचारा.” अशा रीतीनें न्यायाधीशपद आमच्या गळ्यांत पडलें. न्यायाधीशास दोन्ही पक्षांकडचे शेजारी म्हणून पुढेंही राहावयाचें आहे, ही अडचण मात्र कोणीं विचारांत घेतली नाहीं.

दादांच्या हट्टास आधार आहे, तो आम्हांस ठाऊक होता. फार वर्षांपूर्वीं आमच्या वडिलांनीं मोठ्या हौसेनें एक स्कूटर घेतली. तिच्या कारखान्याचें नांव येथें घेण्याचें कारण नाहीं. दोन-तीन वर्षांत तो कारखाना बसला आणि स्कूटर अनाथ झाली. गिअरची साधी तार तुटली तरी वडील रविवारीं सकाळीं जुन्या बाजारांत जाऊन लोखंडाचे ढीग उपसावयाचे. दादा तेव्हां दहा-अकरा वर्षांचे. हातांत पिशवी घेऊन तेही बरोबर असत. अखेर ती गाडी भंगारवाल्यास वजनावर दिली. त्या संध्याकाळीं वडील जेवले नाहींत, एवढें आम्हांसही आठवतें. ही हकीकत चिरंजीवांस कोणीं सांगितलेली नव्हती. ती आम्हीं पहिल्यानें सांगितली. त्यानें ती नीट ऐकून घेतली व म्हणाला, “काका, मी नाहीं म्हणत नाहीं. पण तुम्ही एकदां गाडी पाहा, मग ठरवा.”

आतां पाहावयाची म्हणजे आधीं समजून घ्यावयाची. मोटारसायकलींत ज्यांस ‘क्रूझर’ म्हणतात त्यांची घडण अमेरिकेंतील लांबलचक सरळ रस्त्यांनीं ठरविली आहे. बैठक ठेंगणी, मुठी उंच व स्वाराकडे वळलेल्या, पाय पुढें पसरून ठेवावयाचे. स्वार शर्यतींतल्यासारखा ओणवा न दिसतां आरामखुर्चींत बसल्यासारखा दिसतो. अक्विलाची बैठक जमिनीपासून सुमारें २८ इंच आहे, म्हणजे बुटक्या माणसाचेही दोन्ही तळवे भुईस टेकतात. आमच्या चिरंजीवांची उंची बेताची आहे, हें त्याच्या निवडीचें एक कारण असावें; त्यानें तें सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं.

ह्या जातीच्या गाड्यांचें कुलचिन्ह म्हणजे त्यांचें ‘व्ही-ट्विन’ एंजिन. उजव्या हाताची तर्जनी व मध्यमा फाकवून धरावी; त्या दोन बोटांच्या जागीं दोन सिलिंडर आहेत आणि तीं बोटें जेथें मिळतात तेथें फिरता दांडा आहे अशी कल्पना करावी. दोन्ही सिलिंडरांतील दट्टे त्या एकाच दांड्यास ढकलतात. जर्मनींत गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख ह्यांनीं १८८९ सालीं असें एंजिन केलें. मिल्वॉकी येथें १९०३ मध्यें सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें १९०९ मध्यें तें मोटारसायकलींत बसविलें आणि पुढें त्याच्याशीं जन्माची गांठ बांधली. दोन सिलिंडर शेजारीं-शेजारीं उभे न करतां पुढें-मागें तिरपे ठेविले म्हणजे गाडी रुंद होत नाहीं, हा ह्या रचनेचा मुख्य लाभ. दुसरा लाभ कानाचा आहे, आणि खरें सांगावयाचें तर गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजतें. हार्लेच्या एंजिनांत दोन सिलिंडरांमधील कोन ४५ अंशांचा असतो. त्यामुळें एक भडका उडाल्यावर दुसरा ३१५ अंशांनीं येतो आणि त्यापुढचा ४०५ अंशांनीं. म्हणजे दोन पावलें जवळ, मग एक लांब, असा लंगडत चाललेल्या घोड्यासारखा ताल निघतो. दिल्लीच्या चांदणी चौकांत दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें विकून टाकलेल्या अशा अमेरिकन गाड्यांना मागें खोकें जोडून कित्येक वर्षें उतारू नेत असत. लोक त्यांस फटफटिया म्हणत. आपल्या मराठींतील ‘फटफटी’ हा शब्द कोणत्या आवाजावरून आला असेल ह्याविषयीं ज्यास शंका असेल त्यानें असें एंजिन एकदां कानांनीं ऐकावें.

हा ताल स्वस्तांत मिळत नाहीं. २०१३ च्या अखेरीस अक्विला २५० आपल्या बाजारांत आली तेव्हां तिची किंमत पावणेतीन लाखांच्या आंतबाहेर होती. हार्लेची सर्वांत स्वस्त ‘स्ट्रीट ७५०’ पुढल्या वर्षीं आली ती चार लाखांच्या वर. खालच्या बाजूस बजाजची ‘अव्हेंजर’ व रॉयल एन्फील्डची ‘थंडरबर्ड’ ह्या गाड्या पुष्कळ स्वस्त होत्या, परंतु त्यांस सिलिंडर एकच. मधल्या त्या मोकळ्या जागेंत अक्विला उभी होती. ज्यास थाट हवा, दोन सिलिंडर हवेत, आणि घर गहाण टाकावयाचें नाहीं, त्याची ही गाडी.

थाटाविषयीं एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. अक्विलाचें एंजिन २४९ घनसेंटिमीटरचें, दोन सिलिंडरांतील कोन ७५ अंशांचा, प्रत्येक सिलिंडरास चार झडपा. शक्ति सुमारें २६ अश्वांची. पण ती मिळते मिनिटास ९५०० फेरे झाल्यावर. एवढ्याशा सिलिंडरांतून एवढी शक्ति काढावयाची तर एंजिन वेगानें फिरविल्यावांचून गत्यंतर नाहीं. तेव्हां बाहेरून जमीनदाराचा अंगरखा व आंत शर्यतीचा गडी, असा हा मामला आहे. मोठ्या अमेरिकन गाडीप्रमाणें खालच्या फेऱ्यांवर ढिम्मपणें ओढावें अशी जो अपेक्षा करील त्याची निराशा होईल. उलट दोन लहान दट्टे असल्यानें वेग वाढला तरी हादरे फार बसत नाहींत, आणि हा गुण एका मोठ्या दट्ट्याच्या गाडींत मिळणें कठीण.

आतां करणाऱ्यांचें कुलशील पाहूं. आमच्या मतें ह्या गोष्टींत गाडीपेक्षां तेंच अधिक रंजक आहे.

‘ह्योसंग’ ह्या शब्दाचा अर्थ पहाटेचा तारा, म्हणजे आपली शुक्राची चांदणी. ह्या घराण्याचे मूळ पुरुष चो होंग-जे. ते सॅमसंगचे संस्थापक ली ब्यंग-चुल ह्यांचे भागीदार होते. १९६२ मध्यें भागी सुटली आणि चो वेगळे झाले. त्यांचा जन्म १९०६ चा. म्हणजे ज्या वयांत आपल्याकडील मंडळी निवृत्तिवेतनाचा हिशेब करूं लागतात त्या वयांत ह्या गृहस्थांनीं नव्यानें आरंभ केला. १९६६ मध्यें त्यांनीं नायलॉनचा कारखाना काढला. धाग्याचा हा धंदा त्या घराण्यानें पुढें सोडला नाहीं. ताणल्यावर लांबणारा व सोडल्यावर पूर्ववत् होणारा स्पॅन्डेक्स नांवाचा जो धागा हल्लीं मोजे, पोलकीं व खेळाचे कपडे ह्यांत असतो, त्याच्या उत्पादनांत ह्योसंग जगांत अग्रेसर आहे. छत्रपति संभाजीनगरजवळ शेंद्र्यास त्यांचा ह्याच धाग्याचा कारखाना २०१९ मध्यें सुरू झाला. तेव्हां ह्योसंगची मोटारसायकल जरी आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिली असली, तरी तिच्या जन्मघरचा धागा कित्येकांच्या अंगावर असण्याचा संभव आहे.

मोटारसायकलींचें खातें निघालें १९७८ मध्यें. त्या दशकांत कोरियाच्या सरकारनें जड उद्योगांचा ध्यास घेतला होता आणि देशाच्या दक्षिण टोंकाशीं चांगवन नांवाचें औद्योगिक नगर आंखून वसविलें होतें. कारखाना तेथेंच झाला. पुढल्या वर्षापासून जपानच्या सुझुकी कंपनीच्या परवान्यानें गाड्या निघूं लागल्या. येथें एक मौज आहे. मिचिओ सुझुकी ह्यांनीं १९०९ मध्यें हामामात्सु गांवीं जो कारखाना काढला तो विणकामाच्या मागांचा! म्हणजे मागवाल्यापासून धागेवाल्यानें मोटारसायकल शिकावी असा हा योग जुळून आला.

परवान्याचें काम आपल्या परिचयाचें आहे. दुसऱ्याचे नकाशे, दुसऱ्याचे सांचे, वर आपलें नांव. पुष्कळ कारखाने त्यांतच सुखानें म्हातारे होतात. परवाना संपला म्हणजे खरी परीक्षा येते. आमच्या आकुर्डीच्या बजाज ऑटोवर इटलीच्या पियाजिओचा करार १९७१ मध्यें संपला तेव्हां ती आली होती, व ‘चेतक’ हें त्यांनीं दिलेलें उत्तर सर्वांस माहीत आहे. ह्योसंगनें निराळी युक्ति केली. १९८६ मध्यें त्यांनीं संशोधनशाळा काढली ती कोरियांत न काढतां थेट हामामात्सु येथें, गुरूच्या वाड्यासमोरच. पुढल्या वर्षीं स्वतः आंखलेल्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९८८ च्या सोल ऑलिंपिकांत अधिकृत मोटारसायकलीचा मानही ह्योसंगकडे होता. गुरूचा हात मात्र शिष्याच्या अक्षरांत दिसतोच. पुढें निघालेल्या मोठ्या अक्विलाचें ६४७ घनसेंटिमीटरचें, काटकोनांतील व्ही-ट्विन एंजिन पाहून जाणकारांस सुझुकीच्या त्याच आकाराच्या एंजिनाची आठवण झाली. परंतु मापें घेऊन पाहिलीं तर तीं तंतोतंत जुळत नाहींत: सुझुकीच्या सिलिंडराचा व्यास ८१ मिलिमीटर, ह्यांचा ८१.५, दट्ट्याची धांव त्यांची ६२.६, ह्यांची ६२. वळण तेंच, पण कित्ता गिरविलेला नाहीं, असें आमचें मत आहे.

आणखी एक नवल. कोरियांतील द्रुतगति महामार्गांवर मोटारसायकलींस १९७२ पासून बंदी आहे. लांब रस्त्यांसाठीं जन्मलेली ही जात ज्या देशांत घडविली, त्या देशांतले सर्वांत लांब रस्तेच तिला मना! असा माल परदेशीं पाठविल्यावांचून त्याचें चीज होणार कोठून? तेव्हां ह्योसंगनें अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलिया ह्या बाजारांकडे तोंड वळविलें आणि ‘महागड्या गाडीचा थाट, मध्यम किंमत’ हें धोरण धरलें. इ. स. २००० च्या सुमारास निघालेली अक्विला हें त्याच धोरणाचें अपत्य. ‘अक्विला’ म्हणजे लॅटिन भाषेंत गरुड. रोमन पलटणींच्या ध्वजकाठीवर तो असे.

पुढें ह्या खात्याचें दैव फिरलें. २००३ मध्यें तें मूळ घराण्यापासून निराळें काढण्यांत आलें. २००७ मध्यें तें ‘एस अँड टी’ ह्या दुसऱ्या कोरियन उद्योगसमूहानें घेतलें. २०१४ मध्यें लाओस देशांत मोटारींच्या धंद्यावर मोठ्या झालेल्या कोलाओ कंपनीकडे तें गेलें व त्याचें नांव ‘केआर मोटर्स’ असें झालें. गाड्यांवर पाटी मात्र ह्योसंगचीच राहिली. माहेर तुटलें तरी माहेरचें नांव सुटलें नाहीं असा प्रकार.

हिंदुस्थानांत ह्या गरुडाचें जें भ्रमण झालें तें सारें आमच्या महाराष्ट्राच्या अंगणांतच झालें, हें फारसें कोणाच्या लक्षांत आलेलें नाहीं. ‘लूना’ काढणाऱ्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनें २००३ च्या सुमारास अक्विला पहिल्यानें आणली. तेव्हां अशा गाड्यांवर पैसे घालणारा वर्ग आपल्याकडे तयार व्हावयाचा होता. मोजक्याच गाड्या खपल्या. २०११ मध्यें गरवारे मोटर्सनें ह्योसंगच्या मोठ्या गाड्या आणल्या. सुटे भाग कोरियाहून पेट्यांत भरून यावयाचे आणि त्यांची जुळणी सातारा जिल्ह्यांत वाईस व्हावयाची. २०१२ मध्यें हें काम पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सनें घेतलें. अक्विला २५० आली ती त्यांच्याच हातून, व जुळणीही वाईसच होत राहिली. २०१८ मध्यें तो समूह आर्थिक संकटांत सांपडला आणि त्याच वर्षीं ह्योसंगची एजन्सी फिरून कायनेटिकच्या ‘मोटोरॉयल’ ह्या शाखेकडे, अहमदनगरास, आलें. (त्या शहराचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे.) १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले, आणि त्यानंतर ह्या गाड्या आपल्या बाजारांत उरल्या नाहींत. सतरा वर्षांत तीन वेळां हात बदलले! दादांचा आक्षेप ह्या एका वाक्यांत येऊन बसतो.

गाडीचा मालक वाईचाच निघाला. म्हणून एका रविवारीं पहाटे आम्ही व चिरंजीव खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरवरून वाईस गेलों. कृष्णेचा घाट, रास्त्यांचा ढोल्या गणपति, प्राज्ञपाठशाळा, मराठी विश्वकोशाची कचेरी, एवढ्यांसाठीं आम्ही आजवर वाईस जात आलों. मोटारसायकल पाहण्यासाठीं हें पहिलेंच जाणें. गणपतीस नमस्कार करून विचार केला, ज्या गांवांत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांनीं विश्वकोशाचा संसार मांडला त्याच गांवीं कोरियाचा गरुड पेटींतून निघून उभा राहिला. गांवाच्या पोटांत काय काय मावतें पाहा!

मालक पन्नाशी उलटलेले बागाईतदार गृहस्थ. गुडघा दुखतो म्हणून गाडी काढावयाची, असें त्यांनीं उघड सांगितलें. गाडी गोठ्याशेजारच्या पडवींत कापडाखालीं झांकून ठेविलेली होती; रंग काळा, आरशासारखा घांसलेला. चिरंजीवांनीं ती सुरू केली मात्र, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून आमच्या ध्यानांत आलें कीं निकाल काहींही लागो, खटला हातचा गेला आहे.

आम्हीं मागें बसून पसरणीचा घाट चढून पाहावयाचें ठरलें. गाडीचें वजन १८० किलोंच्या आसपास, त्यावर आम्ही दोघे. पहिल्या वळणाशीं चिरंजीव वरच्या गिअरमध्यें होता. गाडी कण्हूं लागली. गिअर उतरवून फेरे वाढविले तशी ती एकदम शहाणी झाली व पुढें पांचगणीपर्यंत तिनें तक्रार केली नाहीं. मागच्या बैठकीविषयीं आमचें मत चांगलें नाहीं. ती पुढच्या स्वाराच्या सुखाची उरलेली शिल्लक आहे. वहिनींना पुण्याहून वाईपर्यंत तिच्यावर बसवूं नये.

परत आल्यावर मालकांनीं माजघरांतून एक पत्र्याची पेटी ओढून आणली. आंत तेलाच्या व हवेच्या गाळण्या, ब्रेकचे तुकडे, क्लच व अॅक्सिलरेटर ह्यांच्या तारा, क्लचच्या पट्ट्या, गॅस्केटांचा एक जुडगा, एवढें सामान वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेविलेलें. “एजन्सी बदलायला लागली तेव्हांच मी हें घेऊन ठेवलं,” ते म्हणाले, “गाडी हवी असेल तर पेटी घ्यावी लागेल. पेटीचे वेगळे पैसे नकोत.” आम्ही आजवर पुष्कळ विक्रेते पाहिले; असें बोलणारा विरळा.

त्या पेटीसमोर बसून आम्हीं मनांत हिशेब मांडला, आणि जुनी परदेशी गाडी घेऊं पाहणाऱ्या प्रत्येकानें तो मांडावा असें आम्हांस वाटतें. गाडीचे कांहीं भाग सर्वत्र सारखे असतात: टायर, सांखळी, स्पार्क प्लग, बॅटरी, दिवे, बेअरिंग. त्यांस कंपनीची गरज नाहीं. ह्या लहान अक्विलाचें मागचें चाक सांखळीनें फिरतें हें ह्या दृष्टीनें बरेंच झालें. थोरलीस पट्टा आहे, व तो कोणत्याही गांवच्या दुकानांत मिळत नाहीं. कांहीं भाग असे कीं, ते नाहीं मिळाले तरी कुशल कारागीर करून देतो. गॅस्केट कापून मिळतें, तारा वळून मिळतात, दट्ट्याचीं वलयें मापानें शोधतां येतात. खरें भय तिसऱ्याच ठिकाणीं आहे. जुन्या गाड्यांत पेट्रोल व हवा मिसळण्याचें काम कार्बोरेटर करी, आणि तो पानावर बसून स्वच्छ करतां येई. २०१३ नंतरच्या अक्विलांत तें काम विजेवर चालणाऱ्या फवाऱ्याकडे आहे. त्यास पेट्रोलचा पंप आहे, मोजणारे संवेदक आहेत, व ह्या सर्वांस हुकूम देणारा एक बंद डबा आहे. तो डबा बिघडला तर जगांतील कोणताही मिस्त्री हातोडी-पान्यानें त्यास बोलता करूं शकणार नाहीं. परदेशांतून मागवावा लागेल, व मिळाला तर मिळाला. पेटींत तो डबा नव्हता.

आणखी दोन गोष्टी. हल्लीं पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. ही गाडी घडली तेव्हां त्याचा विचार झालेला नव्हता, म्हणून तिच्या रबरी नळ्यांवर नजर ठेवणें आलें. आणि खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१४ च्या गाडीची ती २०२९ मध्यें संपेल. पुढें तपासणी करून नवी करतां येते, पण खर्च व हेलपाटे आहेतच. चिरंजीवांनीं हे दोन्ही मुद्दे वहींत लिहून घेतले. त्यानें आपली बाजू मांडतांना कोठेंही आवाज चढविला नाहीं, ही गोष्ट निकालांत त्याच्या बाजूनें धरली आहे.

आम्हीं दिलेला निकाल असा. घरांतील एकुलती एक व रोजची गाडी म्हणून अक्विला घेऊं नये. रोजच्यासाठीं आज मिळणारी व उद्यांही मिळणारी देशी गाडीच बरी, आणि दोन सिलिंडरांचीच हौस असेल तर रॉयल एन्फील्डची २०२३ मध्यें आलेली ‘सुपर मीटिऑर ६५०’ आहे, जरी तिचे सिलिंडर शेजारीं-शेजारीं उभे आहेत व किंमत पुष्कळ अधिक आहे. परंतु चाकणास कारखान्याची बस जाते. तेव्हां बसनें जाणारा मुलगा रविवारच्या हौसेसाठीं स्वतःच्या कमाईतून गाडी घेत असेल, पंचवीस हजार रुपये केवळ सुट्या भागांसाठीं निराळे ठेवीत असेल, आणि तो बंद डबा बिघडला तर कोणावर न चिडतां गाडी पडवींत उभी करण्याची तयारी असेल, तर त्यास अडवूं नये. किंमत नव्वद हजारांवर जाऊं नये.

निकाल आईनें ऐकला व म्हणाली, “म्हणजे घे म्हणालास.” दादा कांहीं बोलले नाहींत.

गाडी ब्याण्णव हजारांस ठरली. दोन हजार आमच्या निकालाबाहेरचे आहेत, पण पेटी पाहतां ते आम्हीं मान्य केले. गुरुवारीं संध्याकाळीं ती दारांत आली. वहिनींनीं हळदकुंकू लाविलें, नारळ फोडला. दादा त्या वेळीं घरांत नव्हते. रात्रीं उशिरां पाणी पिण्यास उठलों तों ओसरीवर दिवा दिसला. दादा चष्मा लावून सतरंजीवर बसले होते, पत्र्याची पेटी उघडी, आणि एकेक भाग कागदांतून सोडवून त्याचें नांव व संख्या जुन्या हिशेबाच्या वहींत उतरून घेणें चाललें होतें. आम्हांस पाहून ते म्हणाले, “यादींत क्लचच्या तारा तीन लिहिल्या आहेत, पेटींत दोनच आहेत. सकाळीं वाईस फोन कर.”